भिंतीच्या आतले चार इंच

खोटे कशाला म्हणावे, हा प्रश्न मी तीसहून अधिक वर्षे वर्गात विचारीत आलो आहे. उत्तर ठरलेले असते. जे नाही ते आहे असे सांगणे म्हणजे खोटे. हे उत्तर फळ्यावर लिहिले की मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. पण हे उत्तर अपुरे आहे, याची जाणीव मला कुठला ग्रंथ वाचताना झाली नाही. ती झाली कॅनडातल्या कॅल्गरी शहरात, मुलाच्या घरातील एका भिंतीसमोर, हातात गवंड्याची थापी असताना.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी आणि सौ. तिकडे गेलो ते सूनबाईंच्या बाळंतपणाच्या निमित्ताने. बेळगावात लोक वळवाच्या पावसाची वाट पाहत होते आणि तिकडे अंगणात बर्फ पडत होता. चिरंजीवांनी आदल्या वर्षी एक जुने घर विकत घेतले होते. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीत बसवलेली गॅसची शेकोटी होती. शेकोटीची पेटी नवी घेतलेली. ती परवानाधारक गॅसफिटर बसवून गेला होता आणि गॅसच्या नळीला आम्ही हात लावायचा नव्हता. आमचे काम तिच्याभोवतीचे. जुनी पितळी पट्टी आणि काळ्या फरश्या काढून नवी चौकट उभारायची आणि वर एक रुंद फळी बसवायची. तिला तिकडे मँटल म्हणतात. तिकडे मजुरी इतकी महाग की संगणकावर काम करणारी माणसेसुद्धा शनिवार-रविवारी सुतार आणि गवंडी होतात. नातवंड येण्याआधी हे काम उरकायचे होते आणि हाताखालचा गडी म्हणून मी होतो.

गॅसची शेकोटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. कारण आपल्याकडे शेकोटी म्हटली की पौषातली पहाट, गोवऱ्या, काटक्या आणि डोळ्यांत जाणारा धूर आठवतो. तिकडची ही शेकोटी पत्र्याच्या पेटीत बंद असते. पुढे जाड काच. आतल्या बर्नरला नळाने नैसर्गिक वायू येतो. ज्वाळेभोवती ओंडके रचलेले दिसतात. सालीच्या रेषा, गाठी, जळून पांढरे पडलेले कोपरे, सारे हुबेहूब. पण ते लाकूड नव्हे. उष्णता सोसणारे सिरॅमिकचे तंतू साच्यात घालून ते घडवलेले असतात. खाली लाल दिसणारे निखारे म्हणजे खनिज लोकरीचे पुंजके. मागून एक दुहेरी नळी भिंतीबाहेर जाते, नळीत नळी. आतल्या नळीने जळलेला वायू बाहेर पडतो आणि तिच्याभोवतीच्या नळीने ज्वाळेला लागणारी हवा बाहेरून आत येते. खोलीतल्या हवेशी त्या जाळाचा संबंध नाही. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. बटण दाबले की पेटली, दाबले की विझली.

आमच्या सौ.ना हे काही केल्या पटेना. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, धुरी द्यायची, म्हणून त्यांनी ओवा आणि बाळंतशेपांच्या पुड्या बांधून आणल्या होत्या. ‘जाळ काचेच्या आत आणि बाळंतीण बाहेर, ह्याला काय शेक म्हणायचं?’ असे त्या दोनदा म्हणाल्या आणि पुड्या स्वयंपाकघरात ठेवून आल्या.

चिरंजीवांचा बेत असा होता. शेकोटीभोवतीचे जिप्समचे पत्रे काढायचे, त्या जागी न जळणारे सिमेंटचे पत्रे ठोकायचे आणि त्यांवर दगड लावायचे. हे दगडही दगड नव्हेत. सिमेंट, हलकी खडी आणि रंग साच्यात ओतून केलेले ते चपटे तुकडे होते. दगडांच्या वर जुन्या वाड्यात असते तशी भक्कम तुळई, आठ इंच पुढे येणारी. तीही तुळई नव्हे. तीन लांब फळ्या घेऊन त्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत कापायच्या, सरसाने जोडायच्या आणि पोकळ पेटी तयार करायची. भिंतीच्या लाकडी सांगाड्याला एक आडवा दांडा स्क्रूंनी पक्का करायचा आणि ही पेटी त्यावर उशीच्या अभ्र्यासारखी चढवायची. पाहणाऱ्याला वाटावे, चौघांनाही न उचलणारे शंभर वर्षांचे लाकूड आहे. प्रत्यक्षात मी ती पेटी एकट्याने काखेत मारून गॅरेजमधून घरात आणली.

मी हसून म्हणालो, ‘अरे, ओंडके खोटे, निखारे खोटे, दगड खोटे, तुळई खोटी. या भिंतीत खरं काय आहे?’

तो पाना शोधत होता. मान वर न करता म्हणाला, ‘जाळ खरा आहे, बाबा.’

थट्टेत विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. या चौकटीला आणि फळीला एकेकाळी काम होते. दगड-विटांच्या भिंतीत शेकोटीचे तोंड ठेवायचे तर त्या तोंडावरचे ओझे कोणीतरी पेलले पाहिजे. आपल्या दारावर गणेशपट्टी असते तशी आडवी शिळा किंवा तुळई ते पेलत असे. पुढे तिच्यावर घड्याळ आले, तसबिरी आल्या. आता मागे धुराडे राहिले नाही, ओझे राहिले नाही. फळी मात्र राहिली. का राहिली? मला वाटते, घराला एक मध्य लागतो म्हणून. लॅटिन भाषेत चुलीला ‘फोकस’ म्हणत. तोच शब्द पुढे भिंगाच्या केंद्रबिंदूला लागला. इंग्लंडात १६६२ साली कर बसवला तो माणसांवर नव्हे, शेकोट्यांवर. दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग. १६८९ मध्ये तो रद्द झाला. आपणही गावच्या जत्रेची वर्गणी चुलीमागे काढतो. भाऊ वेगळे झाले की त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या म्हणतो आणि सगळ्या घराला जेवायला बोलवायचे असेल तर चूलबंद आमंत्रण देतो. विस्तव आहे ते घर, ही समजूत दोन्हीकडे आहे. तेव्हा विस्तवाभोवती चौकट हवीशी वाटणे, यात मला वावगे काही दिसत नाही. प्रश्न एवढाच की ती चौकट खोटी असली तर चालते काय?

एम. ए. ला असताना मी रस्किन वाचला होता. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना ज्याच्या पुस्तकाने गांधीजींची झोप उडवली, तोच हा रस्किन. त्याच्या १८४९ च्या वास्तुकलेवरील पुस्तकात सात दीप आहेत. त्यांतला एक दीप सत्याचा. इमारतही खोटे बोलू शकते, हे त्याचे म्हणणे, आणि तिच्या खोटेपणाचे त्याने तीन प्रकार सांगितले आहेत. खरा आधार एक आणि दाखवायचा दुसराच, हा पहिला. पृष्ठभागावर एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे सोंग देणे, हा दुसरा. माणसाच्या हाताने घडल्यासारखी दिसणारी पण साच्यातून वा यंत्रातून निघालेली नक्षी वापरणे, हा तिसरा. मी आमच्या भिंतीकडे पाहिले. काहीही न पेलणारी पोकळ तुळई, सिमेंटचे दगड, साच्यातले ओंडके. आठ फूट रुंदीत आम्ही तिन्ही पापे नीट बसवली होती!

पण त्याच रस्किनने एक पळवाट ठेवली आहे. खरे म्हणजे ती पळवाट नाही, मर्म आहे. इमारतीवरच्या सोनेरी मुलाम्याला तो फसवणूक म्हणत नाही, कारण तिथे ते सोने आहे असे कोणी समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक, कारण तिथे तो सोने समजला जातो. मुलामा तोच, फरक पाहणाऱ्याच्या समजुतीत आहे. आपल्याला हे कळायला रस्किनकडे जायचेही कारण नाही. दसऱ्याला आपण आपट्याचे पान हातात देऊन ‘सोने घ्या’ म्हणतो. घेणारा ते कपाळाला लावतो. या व्यवहारात कोणी कोणाला फसवले काय? तेच पान घेऊन सराफाच्या पेढीवर गेलो तर मात्र प्रश्न निराळा होईल. आमच्या भिंतीतले ओंडके या अर्थाने आपट्याची पाने होती. घरी येणारा प्रत्येक जण ते ओळखून होता, बटण दाबताना हसत होता आणि तरीही हात पुढे करून शेकत होता. कोणी त्या ओंडक्यांच्या भरवशावर काही केले नव्हते.

इथपर्यंत माझा विचार मोठा मजेत चालला होता. एखादा शनिवार-रविवारचा पाहुणा तत्त्वज्ञ जसा चालतो, तसा. मग रविवारची संध्याकाळ आली.

दगडांच्या बहुतेक ओळी लागल्या होत्या. भिंतीतला आडवा दांडा आम्ही आदल्या दिवशीच बसवला होता आणि दगड त्याच्या वरपर्यंत गेले होते. आता पेटी चढवायची आणि हात धुवायचे. चढवण्याआधी चिरंजीवांनी शेकोटीबरोबर आलेली पुस्तिका पुन्हा एकदा उघडली. तीत एक तक्ता होता: लाकडी फळी भिंतीपासून किती पुढे येणार असेल, तर ती शेकोटीपासून किती वर हवी. तत्त्व सोपे आहे. उष्ण हवा वर चढते; तेव्हा फळी जितकी पुढे, तितकी ती वर. लाकूड जाळायच्या दगड-विटांच्या शेकोट्यांसाठी अमेरिकेतील घरबांधणीच्या नमुना-नियमावलीत याच जातीचा हिशेब आहे. तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड नको, आणि बारा इंचांच्या आतले लाकूड तोंडापासून जितके इंच दूर, तितके अष्टमांश इंचच पुढे आलेले चालते. गॅसच्या शेकोटीला मात्र त्या त्या नमुन्याची पुस्तिका हाच कायदा. आमच्या पुस्तिकेत आठ इंच पुढे येणाऱ्या फळीला सोळा इंच अंतर सांगितले होते.

चिरंजीवांनी टेप लावला. अंतर बारा इंच भरले.

चूक माझी होती. शनिवारी टेपचे टोक मी धरले होते. ते मी काचेच्या वरच्या काठाला धरले. मोजायचे होते पत्र्याच्या चौकटीच्या वरच्या काठापासून. दोन काठांत चार इंचांचा फरक. दांडा दुरुस्त करायचा तर वाळलेले दगड उखडायचे, पत्रा कापायचा, स्क्रू काढायचे आणि सारे पुन्हा करायचे. रात्रीचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी, सूनबाईंचे दिवस भरत आलेले, आणि माझी कंबर दुखत होती. मी म्हणालो, ‘अरे, चार इंचांनी काय होतंय? आणि आत कोण बघायला येणार आहे?’

‘कोणी बघायला येणार नाही,’ तो म्हणाला, ‘म्हणूनच, बाबा.’ आणि त्याने हातोडा व छिन्नी उचलली.

लाकूड पेटायला सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागते, हे आपण विज्ञानात शिकवतो. पण त्याहून बरीच कमी उष्णता वर्षानुवर्षे लागत राहिली तर लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि मग पूर्वी ज्या उष्णतेला ते दाद देत नसे, तिलाच पेट घेऊ शकते. पहिल्या हिवाळ्यात काही होत नाही. पाचव्यात होत नाही. काही झाले नाही, यालाच आपण काही होणार नाही याचा पुरावा समजू लागतो. त्या चार इंचांचा अर्थ हा होता. आणि त्या भिंतीसमोर दीड महिन्यात एक बाळ झोपणार होते, ज्याला टेप कुठे धरला होता हे विचारता येणार नव्हते.

तो छिन्नी मारीत होता, मी तुकडे बादलीत भरीत होतो आणि माझ्या कानांत माझेच वाक्य घुमत होते. कारण ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले नव्हते.

२००३ चा मे महिना. आमच्या शाळेला नव्या चार खोल्या आणि पुढे व्हरांडा बांधायचा होता. मी तेव्हा साधा शिक्षक. पण संस्थेने देखरेखीसाठी जी मंडळी नेमली, त्यांत माझे नाव होते. स्लॅब ओतण्याआधी वरच्या सळ्या नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत की नाहीत हे पाहायचे आणि नोंदवहीत ‘तपासले’ असे लिहून सही करायची, हे माझे काम. त्या दिवशी मिक्सर आला होता, माणसे खोळंबली होती, पश्चिमेला ढग दाटले होते. मी खाली निकालपत्रके भरत बसलो होतो. मुकादम वही घेऊन आला. शिडी समोर होती, तेरा-चौदा पायऱ्यांची. मी ती चढलो नाही. सही केली.

काही महिन्यांनी, चहाच्या गाडीवर, त्या कामावरचा एक गवंडी सहज बोलून गेला की व्हरांड्याच्या भागात सळ्या जरा लांब लांब पडल्या. ते खरे की खोटे, मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक करून घ्यावे लागू नये अशी व्यवस्था मी पुढची वीस वर्षे केली. छताला चीर दिसली की गिलावा करवला. गिलाव्याचा पापुद्रा पडला की रंग दिला. मुख्याध्यापक झाल्यावर तर हे माझ्याच अधिकारात आले. एकदा सुटीच्या दिवशी बशीएवढा एक तुकडा रिकाम्या बाकावर पडला. सोमवारी मी तो बाक हलवला. त्या व्हरांड्याखाली दर वर्षी मुलांच्या रांगा लागल्या, प्रार्थना झाल्या, आणि खरे बोलावे या विषयावरची माझी भाषणेही झाली.

कोणी म्हणेल, सळ्या कदाचित ठीकच असतील. मग तुम्ही खोटे काय बोललात? मीही स्वतःला वीस वर्षे हेच विचारीत आलो. पण शाळामास्तराला हा युक्तिवाद शोभत नाही. कॉपी करून लिहिलेले उत्तर पुष्कळदा बरोबर असते. म्हणून आपण त्याला गुण देतो काय? वरच्या सळ्या पुऱ्या असत्या, तरी ‘तपासले’ हा माझा शब्द खोटाच होता. त्याचे खोटेपण छत पडण्यावर अवलंबून नव्हते. ते त्या शिडीपाशीच पुरे झाले होते.

महाभारतात वारणावताचे लाक्षागृह आहे. पुरोचनाने ते बांधले तेव्हा दिसण्यात काही कमी ठेवले नव्हते. बाहेरून कोणी पाहिले असते तर राजपुत्रांना साजेसे घर म्हणाले असते. लाख, तूप, ताग हे सारे लेपाच्या आत. आमच्या कॅल्गरीच्या भिंतीचे याच्या नेमके उलट होते. तिच्यात जे डोळ्यांना दिसत होते ते सारे नकली होते, आणि जे दिसत नव्हते ते खरे असल्याखेरीज चिरंजीव हात धुवायला तयार नव्हते. माझा व्हरांडा या दोहोंत कुठल्या घराच्या जवळचा, हे मला निराळे सांगायला नको होते. पुरोचनाचा हेतू दुष्ट होता, माझा केवळ आळस. पण खाली झोपणाऱ्याला या फरकाचा काय उपयोग?

तेव्हा मला वाटते, खोटेपणा दिसण्यात नसतो, भरवशात असतो. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूसारखी दिसते, एवढ्याने ती खोटी होत नाही. माणूस डोळे मिटून जिच्यावर भार टाकतो, त्या जागी आपण काय ठेवले आहे, हा प्रश्न आहे. आणि भार टाकण्याच्या जागा बहुधा झाकलेल्याच असतात. भिंतीचे आतले, स्लॅबचे आतले, औषधाच्या गोळीतले, गुणपत्रिकेच्या मागचे कोणी पाहत नाही. पाहता येत नाही म्हणूनच तिथे दुसऱ्याचा शब्द चालतो. जिथे तपासणी शक्य आहे तिथे आपल्या खरेपणाची गरज थोडीच असते; ती गरज सुरू होते ती दगड लागल्यानंतर.

याचा अर्थ दिसण्यातल्या नकलीपणाची मला काहीच भीती नाही, असे नव्हे. शिक्षणाधिकारी येणार म्हटले की आठवडाभर आधी एकच पाठ घोटून घेणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी वर्गातली सारी बोटे वर होतात. हेही आपट्याचे पानच आहे, अधिकाऱ्यालाही ठाऊक असते, असे म्हणून आपण सुटू पाहतो. पण बाकावरच्या मुलाला ते ठाऊक नसते. तो त्यातून शिकतो. म्हणून शोभेची वस्तू आणि फसवणूक यांतली रेघ ओळखायला मला एकच उपाय सुचतो. जो माणूस या वस्तूवर विसंबणार आहे, त्याला समोर बसवून ‘हे आतून असे असे आहे’ हे मी सांगू शकेन काय? ओंडके सिरॅमिकचे आहेत हे चिरंजीव येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हौसेने सांगत. टेप चुकीचा धरला हे आम्ही सूनबाईंना सांगू शकलो नसतो. व्हरांड्याची गोष्ट तर मी वीस वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती.

ती त्या रात्री सांगितली. दांडा नव्या जागी बसला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सौ. कधीच झोपल्या होत्या. आम्ही बापलेक जमिनीवर बसून चहा पीत होतो. २००३ मध्ये हा मुलगा दहा वर्षांचा होता आणि पुढे त्याच व्हरांड्यातून माझा हात धरून वर्गात जात होता. मी सारे सांगितले. तो धक्का बसल्यासारखे काही करील, असे मला वाटले होते. त्याने एवढेच विचारले, ‘तो व्हरांडा अजून वापरात आहे?’

मी म्हणालो, ‘हो.’

तो पुढे काही बोलला नाही. त्याने कप उचलले आणि धुवायला नेले.

नातू मेमध्ये झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेत रुजू झालो. पहिल्या दिवशी व्हरांडा दोर बांधून बंद केला आणि संस्थेला पत्र लिहिले. त्यात २००३ ची सही, शिडी, गवंड्याचे बोलणे, गिलावे, सारे लिहिले. एक सभासद घरी येऊन म्हणाले, ‘सर, इतकी वर्षं काही झालं नाही. तुमच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली. आता कशाला उकरून काढलंत?’ त्यांना उत्तर देणे मला जड गेले; कारण ते माझ्याच भाषेत बोलत होते.

अभियंत्यांनी छतावरून काँक्रीटमधल्या सळ्या हुडकणारे यंत्र फिरवले. पाच गाळ्यांपैकी तीन ठीक निघाले. दोन गाळ्यांत सळ्या नकाशापेक्षा विरळ होत्या. म्हणजे गवंडी खरे बोलला होता. ते वर्ष मुलांनी सभागृहात पडदे लावून काढले. पालकांची बोलणी मी ऐकून घेतली आणि ती रास्तच होती. २०२५ च्या उन्हाळ्यात त्या दोन गाळ्यांखाली लोखंडी तुळया बसल्या. त्या दिसायला चांगल्या नाहीत. त्यांना आम्ही करड्या रंगाखेरीज काही दिले नाही आणि छत आड करून घ्यावे ही सूचना मी मान्य केली नाही. सळ्या बसवताना चढलो नाही ती शिडी या वेळी चढलो. गुडघे कुरकुरले, पण प्रत्येक बोल्टला हात लावून खाली आलो आणि मगच सही केली. माझ्या पत्राला संस्थेकडून उत्तर आले नाही. तुळया आल्या, हे मी उत्तर समजतो. एका सहीने दुसरी सही पुसली जाते असे मात्र मी समजत नाही. वीस वर्षांच्या मुलांना मी ज्या छताखाली उभे केले, ते छत टिकले हे माझे कर्तृत्व नव्हे.

परवा चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला होता. तिकडे थंडी सुरू झाली आहे. नातू आता चालतो. शेकोटीपुढे जाळी आहे, कारण काच हात भाजण्याइतकी तापते. त्या जाळीपासून हातभर अंतरावर तो उभा होता आणि ओंडक्यांकडे बोट दाखवीत होता. वर त्या पोकळ तुळईवर आमची दोघांची तसबीर ठेवली आहे, माझ्या मताप्रमाणे जरा जास्तच उंच. सौ. फोनमध्ये डोकावून त्याला म्हणाल्या, ‘खोटी हं ती लाकडं, बाळा.’

ते त्याला पुढे कळेलच. कळले की तो हसेल. पण तुळईच्या मागे एक दांडा आहे, तो एका रात्री चार इंच वर सरकला, हे त्याला कळायचे काही कारण नाही. तो फक्त त्या भिंतीसमोर झोपणार आहे.